कॉलेजच्या ग्रंथालयात संशोधन कसं करावं: एका खाजनाचा माग काढता काढता

टीवायच्या प्रोजेक्टचे विषय जाहीर झाले की आठवड्याभरात संदर्भ विभागात गर्दी होते. प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, खाजन शेतीवर काही आहे का?’ असतं. खूप असतं. पण त्या मुलाला नेमकं काय हवंय हे त्यालाच माहीत नसतं. मग ग्रंथपाल दोन जाड पुस्तकं समोर ठेवतात, तो चार पानांचे फोटो काढतो आणि उरलेला प्रोजेक्ट मोबाईलवर सापडलेल्या मजकुरावर उभा राहतो.

गोव्यातल्या विषयांची आणखी एक अडचण आहे आणि ती पुण्या-मुंबईकडच्या मार्गदर्शक पुस्तकांत कुठे सापडणार नाही. आपला कुठलाही स्थानिक विषय घ्या, त्याचे कागद मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा चार भाषांत विखुरलेले असतात. कोकणी पुन्हा देवनागरीत आणि रोमीतही. एकाच भाषेत शोधणाऱ्याला विषयाचा एक तुकडा हाती लागतो आणि तो त्यालाच सगळं समजतो. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा भर या चार भाषांच्या शोधावर आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ, खाजनाचं, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचं.

आधी प्रश्न, मग ग्रंथालय

‘गोव्यातील खाजन शेती’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नाला शेवटी प्रश्नचिन्ह लागतं. विषयाचा प्रश्न करायचा तर त्यात जागा, काळ आणि नेमकी गोष्ट या तिन्ही घालाव्या लागतात.

खाजन म्हणजे नदीकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा खालची जमीन. बांध घालून खारं पाणी अडवायचं, मानशीच्या दारांतून पाणी आतबाहेर खेळवायचं, पावसाळ्यात भात आणि एरवी मासळी-सुंगटं (कोळंबी) घ्यायची, अशी ही जुनी व्यवस्था. तिच्या देखभालीत पूर्वी गावकारी, म्हणजेच कोमुनिदाद ही गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, मध्यवर्ती होती. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. १९७५ च्या नियमांनी बांधांची सामुदायिक जबाबदारी कुळांच्या संघटनांवर टाकली. गावात त्यांना टेनंट असोसिएशनच म्हणतात. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक ठरली.

एवढं कळलं की प्रश्न आपोआप धारदार होतो: ‘चोडण बेटावरच्या खाजनांच्या बांधांची देखभाल १९७५ नंतर कोणी केली, आणि ती कुठे अडली?’ जागा, काळ, गोष्ट, तिन्ही आल्या. असा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो पुढे बदलेल. बदलू द्या, पण जुना खोडू नका. खाली नवा लिहा आणि तारीख घाला.

प्रश्न सुचण्यापुरतं प्राथमिक वाचन कुठे करायचं? संदर्भ विभागात. मराठी विश्वकोश, तसंच १९७९ चं गोवा, दमण व दीवचं इंग्रजी गॅझेटियर. गॅझेटियर बहुतेक जुन्या कॉलेजांत असतं, धूळ खात असतं आणि घरी नेता येत नाही. त्यातली आकडेवारी अर्थातच जुनी आहे, पण चौकट समजायला तासाभराचं वाचन पुरतं. इथे रेंगाळू नका.

शब्दांची यादी

हे काम मुलं टाळतात आणि निम्मी सामग्री तिथेच हातची जाते. संगणकासमोर बसण्याआधी वहीत चार रकाने पाडा, भाषेला एक. प्रश्नातल्या प्रत्येक मुख्य शब्दाचे पर्याय त्यात भरा. मराठी-कोकणीत खाजन, खाझन, मानस, मानशी, बांध, गावकारी. इंग्रजीत सॉल्ट मार्श, एम्बँकमेंट, स्लुइस गेट, रिक्लेम्ड लँड, टेनंट असोसिएशन. पोर्तुगीजमध्ये कोमुनिदाद, भातशेताला व्हार्झेआ, भाताला आर्रोझ. शेवटचा रकाना भरताना पोर्तुगीज येणाऱ्या आजीला किंवा शेजाऱ्यांना विचारलंत तर कोशापेक्षा लवकर काम होईल.

गावांची नावं हा तर वेगळाच गुंता आहे. रोमी लिपीत आपल्या निम्म्या गावांचं रूप बदलतं. डिचोली शोधायची तर बिचोलिम, साखळीसाठी सांकेलिम, केप्यासाठी केपेम, पेडण्यासाठी पेर्नेम. चोडण पोर्तुगीज कागदांत शोरांव होतं, दिवाडी दिवार होते, आणि जुवें शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही, कारण तिथे ते सांत इस्तेव आहे. तालुक्यांचंही तसंच: तिसवाडीला जुन्या कागदांत इल्याश म्हणतात, साष्टीला साल्सेत. पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये ‘श’ साठी बहुधा एक्स येतो आणि शब्दाच्या शेवटचा अनुनासिक उच्चार पुष्कळदा एम लिहून दाखवतात. एवढी दोन सूत्रं डोक्यात ठेवली तरी बरीच नावं ओळखू येतात.

या यादीत रोज भर पडत जाते. एखाद्या लेखात नवा शब्द भेटला की लगेच योग्य रकान्यात टाका.

ओपॅक आणि रॅक

कॉलेजच्या पुस्तकांची संगणकीय तालिका म्हणजे ओपॅक. मुलं त्यात गूगलसारखं अख्खं वाक्य टाइप करतात आणि ‘काही नाही’ म्हणून उठतात. तालिकेत पुस्तकाच्या आतला मजकूर नसतो. असतं ते शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्गांक आणि ग्रंथपालांनी दिलेले दोन-तीन विषयशब्द. म्हणून एक-दोन शब्दच टाका, आणि ‘खाजन’ने काही निघालं नाही तर एक पायरी वर चढा: गोव्याची शेती, जमीनधारणा, कोमुनिदाद. खाजनावर एक प्रकरण असलेल्या पुस्तकाच्या नावात खाजन हा शब्द असेलच असं नाही.

मराठी पुस्तकांची नोंद बऱ्याच ठिकाणी रोमन अक्षरांत केलेली असते, तीही ज्याने जशी केली तशी. म्हणून देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगांनी शोधून बघा. लेखकाच्या आडनावाने शोधणं सगळ्यांत कमी दगा देतं.

पुस्तक सापडलं की वर्गांक उतरवून घ्या. आपल्या बहुतेक कॉलेजांत ड्युई दशांश वर्गीकरण असतं. गोव्याचा इतिहास ९५४.७९९ ला मिळतो, पण खाजन हा विषय एका कपाटात मावणारा नाही. जमिनीचं अर्थशास्त्र ३३३ ला, जमिनीचा कायदा ३४६ ला, बांध आणि जलव्यवस्थापन ६२७ ला, भात ६३३.१८ ला, मासेमारी ६३९ ला, लोकपरंपरा ३९८ ला आणि मराठी साहित्य ८९१.४६ ला. म्हणजे एका प्रश्नासाठी अख्ख्या ग्रंथालयाला फेरी मारावी लागते. ती माराच. ज्या पुस्तकासाठी गेलात त्याच्या डाव्या-उजव्या हाताची पाच-पाच पुस्तकं काढून अनुक्रमणिका चाळा. वर्गीकरण केलेलं असतं ते याचसाठी, आणि संगणकाच्या पडद्यावर हे शेजारी दिसत नाहीत.

काही कॉलेजांत रॅकपाशी जाऊ देत नाहीत, चिठ्ठी द्यावी लागते. मला ही पद्धत अजिबात पटत नाही, पण कुरकुर करून वेळ जातो. ग्रंथपालांना विनंती करा: ‘प्रोजेक्टसाठी या वर्गांकाचं कपाट अर्धा तास बघू द्याल का?’ बहुधा नाही म्हणत नाहीत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, असं त्यातला चौथा सांगतो. प्रत्येक ग्रंथपालाने तो परीक्षेसाठी पाठ केलेला असतो.

ग्रंथपालांना काय विचारायचं

‘खाजनावर काही आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ येईल. त्याऐवजी असं विचारा: ‘मॅडम, चोडणच्या बांधांवर १९७५ नंतरची माहिती शोधतोय. गॅझेटियर बघितलं. ३३३ आणि ६३३ ची कपाटं बघितली. कूळ संघटनांवर काही मिळालं नाही. पुढे कुठे बघू?’ आता समोरच्या माणसाला तुमचा प्रश्न, तुम्ही केलेलं काम आणि अडलेली जागा एकदम कळते. सोबत वही ठेवा. दुपारची सुट्टी आणि कॉलेज सुटण्याची वेळ सोडून जा. देवघेव काउंटरवर रांग असताना कोणालाही नीट उत्तर देता येत नाही.

पुस्तक मागून वाचायचं

संशोधनासाठी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नसतं. आधी शेवटची सूची उघडा आणि आपल्या यादीतले शब्द त्यात शोधा. शोरांव पान अमुक, कोमुनिदाद पान तमुक. तेवढी पानं वाचा, आणि ती वाचताना तळटीपा सोडू नका. ‘ही माहिती अमुक अहवालातून घेतली’ असं तळटीप सांगते. तो अहवाल शोधायचा, त्याच्या तळटीपा बघायच्या, की आणखी मागे जाता येतं. सगळं संशोधन याच मागाने चालतं. एका चांगल्या पुस्तकाची संदर्भसूची हाती आली की नुसत्या शोधपेटीत शब्द टाकत बसण्याची गरज निम्म्याने कमी होते.

उलटा मागही काढता येतो. एखादा लेख नंतर कोणी कोणी वापरला हे गूगल स्कॉलरवर लेखाखालच्या दुव्यावर कळतं. १९९० च्या दशकातला लेख घेऊन आजपर्यंत येण्याचा तो सगळ्यांत छोटा रस्ता.

लेख आणि प्रबंध

नियतकालिकांतले लेख पुस्तकांपेक्षा नेमके असतात, पण ते बहुधा पैसे मागतात. इथे कॉलेजची वर्गणी कामाला येते. इन्फ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत असलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हजारो ई-जर्नल्स आणि लाखो ई-पुस्तकं मोफत वाचता येतात. लॉगिन ग्रंथपालांकडून मिळतं. पुष्कळ मुलं तीन वर्षं काढतात आणि ते मागतच नाहीत. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजनाही सुरू झाली आहे. तुमचं कॉलेज कशात बसतं ते काउंटरवर विचारा.

शोधगंगा मात्र सगळ्यांना खुली आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे पूर्ण वाचायला मिळतात. प्रबंध पाहून दडपून जाऊ नका. पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची, एवढंच आधी उतरवून घ्या. कोणीतरी चार-पाच वर्षं घालून तुमच्या विषयाचे कागद शोधून ठेवलेले असतात. ते कागद तुम्ही स्वतः पाहा, प्रबंधातली वाक्यं उचलू नका.

आता चॅटबॉटबद्दल, कारण सगळे वापरतात. शब्दांचे पर्याय सुचवायला, अवघड इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला हरकत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, आणि लेख अस्तित्वातच नाही, असा संदर्भ तो बिनदिक्कत देतो. त्याने दिलेलं प्रत्येक नाव तालिकेत किंवा जर्नलच्या साइटवर डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत लिहू नये.

कॉलेजच्या बाहेर

कधीतरी कॉलेजचं ग्रंथालय संपतं. मग पणजी गाठायची. पाटोवरच्या संस्कृती भवनातलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा वारसा चालवतं. गोव्याविषयीच्या पुस्तकांसाठी आणि जुन्या वर्तमानपत्रांसाठी आधी तिथे जा. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, पर्वरीत झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, कॉलेजचं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवा. निघण्याआधी फोन करा. गोव्यात सुट्ट्यांची यादी लांब आहे आणि फेस्ताच्या दिवशी बसही मिळत नाही.

वर्तमानपत्रांचे बांधीव खंड पाहून मुलं घाबरतात, कारण त्यांना विषयवार सूची नसते. तिथे तारखेने शिरावं लागतं. बांध पावसाळ्यात फुटतो, तेव्हा दर वर्षीचे जून ते सप्टेंबर हे चार महिने आधी बघा. नियम १९७५ चे, दुरुस्ती १९७६ ची, म्हणून त्या दोन वर्षांचे विधानसभा अधिवेशनाचे आठवडे बघा. ‘गोमन्तक’ १९६२ पासूनचा आहे, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ पासूनचा. मुक्तीआधीच्या काळासाठी पोर्तुगीज ‘ओ हेराल्दो’ आहे, १९०० साली सुरू झालेला. एकच घटना मराठी आणि इंग्रजी अशा दोन पत्रांत वाचा. कोणी शेतकऱ्यांची बाजू घेतली, कोणी मासळीचा लिलाव घेणाऱ्यांची, हा फरक खुद्द तुमच्या प्रोजेक्टचा मुद्दा होऊ शकतो.

सरकारी कागद कंटाळवाणे दिसतात, पण पुरावा म्हणून सगळ्यांत पक्के असतात. कायदे आणि नियम राजपत्रात छापलेले असतात. कायद्याबद्दल कोणी काय लिहिलंय ते वाचण्याआधी कायदाच वाचा. विधानसभेत आमदारांनी विचारलेले बांधांचे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं कामकाजाच्या वृत्तांतात असतात आणि त्यांत गावांची नावं व खर्चाचे आकडे मिळण्याची शक्यता असते.

पुराभिलेख खात्यात जायचं का? टीवायच्या प्रोजेक्टला बहुधा गरज नाही. १५९५ साली सुरू झालेला हा संग्रह आशियातल्या महत्त्वाच्या दप्तरखान्यांत गणला जातो. दर वर्षी मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी चाललेला पत्रव्यवहार तिथे खंडांत बांधलेला आहे, कोमुनिदादींचे कागद आहेत, मोडीतलेही आहेत. पण जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर किंवा मोडी वाचता येत नसेल तर दिवस वाया जातो. प्रश्न पोर्तुगीज काळातला असेल तरच जा, आणि वाचणाऱ्या कोणाला तरी सोबत घेऊन जा. पेन बाहेर ठेवून पेन्सिलीने टिपणं काढायची सवय तिथे लागते, ती चांगली आहे.

टिपणं

नियम एकच, तो मोडायचा नाही: आधी पत्ता, मग मजकूर. लेखक, पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, वर्गांक, पान. हे लिहिल्याशिवाय एक ओळही उतरवायची नाही. मोबाईलने फोटो काढत असाल तर पहिला फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा, आणि मग हवी ती पानं. पान क्रमांक चौकटीत आला पाहिजे.

जशीच्या तशी उतरवलेली वाक्यं अवतरणचिन्हांत टाका. स्वतःच्या शब्दांत मांडलेलं चिन्हांशिवाय लिहा. स्वतःचा विचार सुचला तर वेगळ्या शाईने. महिन्याभराने वही उघडाल तेव्हा कोणतं वाक्य कोणाचं हे आठवणार नाही, आणि वाङ्मयचौर्य पुष्कळदा अशाच विसरातून होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्याचा अर्थ दहा टक्के उचलायला परवानगी आहे असा काही मुलं लावतात. तसं नाही. संदर्भ न देता घेतलेला एक परिच्छेदसुद्धा चोरीच.

आकडा कुठून आला

खाजनांवर वाचायला लागलात की गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे हा आकडा वारंवार भेटेल. इतक्यांदा, की तो खराच वाटू लागतो. पण दहा लेखांनी एकाच जुन्या अहवालातून उचलला असेल तर ते दहा पुरावे नव्हेत, एकच आहे. त्या आकड्याच्या तळटीपेचा माग काढा. मोजणी कोणी केली, कोणत्या वर्षी, कशाला खाजन म्हटलं? बांध फुटून खारफुटी माजलेली जमीन त्यात धरली की वगळली? मिळालं तर प्रोजेक्टमध्ये तसं लिहा. नाही मिळालं तर ‘हा आकडा अनेक ठिकाणी येतो, मूळ मोजणी आढळली नाही’ असं लिहा. परीक्षकाला हे वाक्य आवडतं, कारण माग काढल्याशिवाय ते लिहिताच येत नाही.

प्रत्येक कागदाला विचारायचं: कोणी लिहिलं, केव्हा, कोणासाठी? बांधाबद्दल कोमुनिदादीचा अर्ज, कूळ संघटनेचं निवेदन आणि खात्याचा अहवाल एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतील. तिन्ही ठेवा. एकालाच खरं मानण्याची घाई नको.

थांबायचं कधी

नवा लेख उघडला आणि त्याच्या संदर्भसूचीतली बहुतेक नावं तुमच्या वहीत आधीच असली, तर छापील शोध पुरे झाला. आता लिहायला बसा, आणि लिहिताना जी भोकं दिसतील तेवढ्यापुरतंच परत ग्रंथालयात या. चोडणला जाऊन माणसांशी बोलायचं असेल तर ते याच टप्प्यावर. कायदा, नियम आणि वर्तमानपत्रं वाचून गेलात तर संघटनेचे पदाधिकारी वेगळ्या तऱ्हेने बोलतात, कपाटातलं इतिवृत्ताचं रजिस्टरही दाखवतात.

संदर्भसूचीची पद्धत विभागाला विचारा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. एपीए की एमएलए यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त गावांची नावं एका रूपात आणा: मजकुरात चोडण, आणि मूळ कागदात शोरांव असेल तर एकदाच तळटीपेत तसं सांगा. पुस्तकं मुदतीत परत करा. प्रोजेक्ट जमा करताना ग्रंथालयाचा नो ड्यूज शिक्का लागतो, आणि त्या आठवड्यात काउंटरवरची रांग दारापर्यंत असते.